शब्बाथच्या दिवशी फुटलेला पाइप

शनिवारी सकाळी सिंकखालचा पाइप फुटला आणि पाणी स्वयंपाकघरातून हॉलकडे निघाले, तर बहुतेक घरांत प्रश्न एकच असतो: मेन कॉक कुठे आहे? शब्बाथ पाळणाऱ्या ज्यू घरात त्याच्या जोडीला दुसराही प्रश्न उभा राहतो: आज तो कॉक फिरवता येतो का? थोडक्यात उत्तर ‘येतो’ असे आहे. पण नुकसान मोठे होणार म्हणून ही सूट मिळालेली नाही. कॉक फिरवणे हे मुळात मना केलेले कामच नाही, म्हणून ते चालते. पाइप दुरुस्त करणे मात्र नुकसान कितीही मोठे असले तरी मनाच राहते. संकटात माणसाने काय करावे याचा विचार ज्यू धर्मशास्त्राने, म्हणजे हलाखाने, नुकसानीच्या आकड्यावरून न करता हाताने घडणाऱ्या कृतीवरून केला आहे. तो का केला, हा या प्रश्नातला खरा तात्त्विक भाग.

शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसले की सुटतो. त्या दिवशी काम करू नये ही दहा आज्ञांपैकी एक. पण ‘काम’ म्हणजे काय, हे तोरा, म्हणजे मूळ धर्मग्रंथ, फोडून सांगत नाही. इ. स. 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या नियमसंग्रहात ते सांगितले आहे. तिथे 39 कामांची यादी आहे: नांगरणे, पेरणे, कापणी, मळणी, दळणे, भाजणे, धुणे, गाठ मारणे, गाठ सोडणे, फाडणे, बांधणे, पाडणे, विझवणे, पेटवणे, वस्तू पुरी करणारा हातोडीचा शेवटचा घाव, आणि अशीच इतर. रानात भटकणाऱ्या इस्राएली लोकांनी उभारलेल्या निवासमंडपासाठी जी कामे लागली, तीच ही कामे, असे परंपरा मानते. त्यामुळे इथे कष्टाला महत्त्व नाही. घरातले जड कपाट या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ढकलताना घाम फुटला तरी ते ‘काम’ ठरत नाही. आगकाडी ओढायला कष्ट पडत नाहीत, तरी ते ‘काम’ आहे, कारण तिथे माणूस जगात काही नवे घडवतो. शब्बाथची विश्रांती ही घडवण्यापासूनची विश्रांती आहे.

या नियमांना एक मोठे दार आहे, ते जिवाच्या धोक्याचे. मक्काबींच्या पहिल्या ग्रंथात त्याची जुनी आठवण आहे. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात रानात लपलेल्या ज्यू लोकांवर शब्बाथच्या दिवशी हल्ला झाला. त्यांनी प्रतिकार केला नाही आणि हजारभर माणसे मारली गेली. त्यानंतर बंडाचा पुढारी मत्तथ्या आणि त्याच्या सोबत्यांनी ठरवले, की शब्बाथलाही चालून येणाऱ्याशी लढायचे. पुढे मिश्नेने नियम घातला, की जीव धोक्यात आहे अशी नुसती शंका असली तरी शब्बाथ बाजूला सरतो. मिश्नेवरच्या चर्चांचा ग्रंथ असलेल्या तालमुदाच्या ‘योमा’ या प्रकरणात त्याची कारणे दिली आहेत. नियम दिले ते माणसाने त्यांच्या आधाराने जगावे म्हणून, मरावे म्हणून नव्हे. आणि एक शब्बाथ मोडल्याने वाचलेला माणूस पुढचे कित्येक शब्बाथ पाळू शकतो. लहान मूल खोलीत अडकले आणि दार लागले, तर दार फोडावे. कोणाची परवानगी विचारत बसू नये. जो चटकन धावेल तो स्तुतीला पात्र. असे काम परधर्मीयाकडून किंवा लहानांकडून उरकून घेऊ नये, हेही त्यात आहे. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीसने त्याला स्पष्ट शब्द दिले, की ते जाणत्यांनीच स्वतः करावे. नाहीतर बघणाऱ्याला वाटेल की जीव वाचवणे ही नाइलाजाने केलेली तडजोड आहे.

म्हणून फुटलेल्या पाइपाचे पाणी विजेच्या बोर्डाकडे सरकत असेल, छताचा गिलावा कोसळण्याच्या बेतात असेल, किंवा निसरड्या फरशीवर अंथरुणाला खिळलेला म्हातारा माणूस अडकला असेल, तर प्रश्नच उरत नाही. मेन स्विच बंद करा, फोन करा, लागेल ते करा.

मराठी वाचकाला इथे आपद्धर्म आठवेल. शांतिपर्वातला विश्वामित्र दुष्काळात कुत्र्याचे मांस खायला निघतो, तेही जीव जगवण्यासाठीच. त्याहून नेमकी गोष्ट छांदोग्य उपनिषदातल्या उषस्ती चाक्रायणाची आहे. कुरुदेशात पिके बुडालेली, उषस्ती भुकेने व्याकूळ. तो माहुताच्या ताटातले उष्टे उडीद मागून खातो. माहूत पाणीही देऊ करतो, तेव्हा ते उष्टे आहे म्हणून नाकारतो. उडीद काय उष्टे नव्हते, असे माहूत विचारतो. उषस्ती सांगतो, की ते खाल्ले नसते तर जीव गेला असता. पाणी मात्र हवे तिथे मिळते. आपत्तीने दिलेली सूट आपत्तीपुरतीच. गरज संपली, की त्याच क्षणी, त्याच ताटापाशी, नियम पुन्हा लागू होतो. हलाखा याच वळणाने विचार करते आणि पुढे मालमत्तेच्या प्रश्नाशी येऊन थांबते, कारण तिथे जीव नसतो, नुसते नुकसान असते.

मालमत्तेच्या संकटाचा मिश्नेतला मूळ नमुना आगीचा आहे. शब्बाथच्या दिवशी घराला आग लागली आणि कोणाच्या जिवाला धोका नाही, तर ती विझवता येत नाही. मग वाचवायचे काय? अन्न, तेही त्या दिवशीच्या उरलेल्या जेवणांपुरते: शुक्रवारी रात्री आग लागली तर तीन जेवणांचे, सकाळी लागली तर दोन, दुपारी लागली तर एक. कपडे मात्र अंगावर चढवून जितके नेता येतील तितके न्यावेत. रब्बी योसे यांनी त्यांची संख्याही सांगितली आहे, अठरा वस्त्रे. पाण्याशी जवळचे उदाहरण पिंपाचे. पिंप फुटले तर त्यातले तीन जेवणांपुरते वाचवावे आणि शेजाऱ्यांना ‘या, आपापल्यापुरते न्या’ असे बोलवावे. पण सांडलेले स्पंजाने टिपू नये, कारण स्पंज पिळला जाईल. गळणाऱ्या छताचाही उल्लेख आहे: शब्बाथला गळतीखाली भांडे ठेवता येते. 1565 साली छापलेल्या ‘शुल्हान आरूख’ या योसेफ कारो यांच्या विधिसंग्रहात पुढचे पाऊल सांगितले आहे. भांडे भरले की ओतावे आणि परत ठेवावे; मात्र गळणारे पाणी निदान धुण्याच्या कामाचे असावे. निरुपयोगी वस्तू शब्बाथला हलवता येत नाही, आणि तशा पाण्याने भरलेले भांडे तिथेच अडकून पडते. बादली ठेवण्याआधी पाणी कसले आहे ते बघावे लागते, इतक्या बारकाईने हा विचार जातो.

आता सिंकखालच्या पाइपाकडे परत. मेन कॉक फिरवणे हे दार लावण्यासारखे आहे. कॉक बसवलेलाच असतो उघडण्या-मिटण्यासाठी. तो फिरवल्याने काही बांधले जात नाही, काही पाडले जात नाही, काही पेटत नाही. म्हणून ते चालते. कॉक गंजून घट्ट बसला असेल आणि पाना लागत असेल, तर पाना उचलता येतो का? पाना हे दुरुस्तीचे हत्यार, आणि शब्बाथला मना असलेल्या कामाचे हत्यार उगाच हाताळायचे नसते. पण मिश्नेत हातोडीने अक्रोड फोडायला आणि कुऱ्हाडीने अंजिराची ढेप तोडायला मुभा आहे: हत्यार मनाईचे, पण आज त्याच्याकडून घेतलेले काम परवानगीचे. त्याच न्यायाने पान्याने कॉक बंद करता येतो. त्याच पान्याने नळाचा नट घट्ट करून गळती थांबवणे म्हणजे दुरुस्ती. पाना तोच, हात तोच, पण काम बदलले. फुटलेल्या जागी एम-सील मळून लावणे म्हणजे लेप गुळगुळीत करणे, तेही मना. टेफ्लॉन टेप कापणे मना. फडके गुंडाळून दोरीने कायमची गाठ मारणे मना. दोरी नुसती वेढून, गाठ न मारता, फडके जागेवर धरले तर गाठीचा दोष लागत नाही.

फरशीवरच्या पाण्याचेही तसेच. कोरडा टॉवेल पाण्यावर टाकून ठेवता येतो, पिळता येत नाही. पिळणे हे धुण्याचे पोटकाम. म्हणून भिजलेला टॉवेल तसाच, पाणी निथळत, मोरीत नेऊन टाकतात आणि दुसरा घेतात. टाइल्सच्या फरशीवर रबरी वायपरने पाणी मोरीकडे लोटायला अनेक आधुनिक अधिकारी हरकत घेत नाहीत, कारण वायपरमध्ये पिळण्यासारखे काही नाही. गरम पाण्याची अडचण वेगळी आहे. गीझर चालू असताना गरम नळ उघडला, की गेले तितके थंड पाणी टाकीत येते आणि तापते, आणि पाणी तापवणे हा शिजवण्याचा प्रकार आहे. म्हणून गरम नळ उघडणे मना. बंद करण्याला तशी हरकत नाही, उलट बंद केल्याने नवे पाणी आत येणे थांबते.

गच्चीवरची टाकी ओसंडून वाहत असेल आणि पंप विजेचा असेल, तर प्रश्न अवघड होतो, कारण वीज 39 कामांच्या यादीत नाही. विसाव्या शतकातल्या अधिकाऱ्यांनी तिची जागा शोधण्याचा बराच प्रयत्न केला. ‘हाझोन ईश’ या नावाने ओळखले जाणारे अव्राहाम येशाया कारेलित्स (1878–1953) यांच्या मते विद्युतमंडल जोडणे हे बांधण्यासारखे आणि तोडणे हे पाडण्यासारखे. जेरुसलेमचे श्लोमो झाल्मान आउएरबाख (1910–1995) यांना तसा तोरातला आधार पटला नाही, तरी रूढ झालेली मनाई त्यांनी सोडली नाही. स्विच हाताने बंद करू नये यावर सनातनी पंथात एकमत आहे. मनाई मुळातली, म्हणजे तोरातली, की धर्मपंडितांनी घातलेली, यावर मतभेद आहे. हा फरक किरकोळ नाही, कारण पंडितांनी घातलेली मनाई असेल तर मोठ्या नुकसानीच्या वेळी परधर्मीय शेजाऱ्याला सांगून ते काम करवून घेण्याची वाट मोकळी होते. अप्रत्यक्ष कृतीचीही एक वाट आहे. जळणारी आग पसरू नये म्हणून मधे भांड्यांची भिंत उभी करावी, त्यात पाण्याने भरलेली भांडी असली तरी चालतील, असे मिश्नेतले बहुमत आहे. भांडी तडकून पाणी सांडेल आणि आग विझेल, पण विझवणारा हात माणसाचा नसेल. क्राकोचे मोशे इस्सर्लिस यांनी सोळाव्या शतकात अशा अप्रत्यक्ष कृतीला नुकसान होत असताना मुभा दिली.

इतके आढेवेढे कशासाठी, असा प्रश्न बाहेरून बघणाऱ्याला पडतो. घर भिजते आहे, मग दुरुस्ती करून का टाकू नये? तालमुदाने त्याचे उत्तर माणसाच्या मनात शोधले. आग लागलेल्या घरातून हवे तितके सामान काढू दिले तर काय बिघडले, या प्रश्नावर उत्तर आहे, की माणूस आपल्या मालमत्तेच्या बाबतीत भांबावतो. सगळे काढायची मुभा दिली, तर त्या धांदलीत तो आग विझवायलाही लागेल. म्हणून सीमा घालायची: इतकेच, तीन जेवणे, अंगावरचे कपडे. सीमा घातली की माणूस हिशेब करायला लागतो, आणि हिशेब करणारा माणूस भांबावत नाही.

पण त्याच तालमुदात अगदी तोच स्वभाव उलट्या निष्कर्षाला नेतो. वाटेत असताना शुक्रवारी सूर्य मावळला आणि पैशांची थैली जवळ असली, तर ती सोबतच्या परधर्मीयाकडे द्यावी असा नियम आहे. एरवी दुसऱ्याला आपल्यासाठी असे काम सांगणे मना. इथे मुभा का? कारण माणूस आपल्या पैशाच्या बाबतीत स्वतःला आवरू शकत नाही. ही वाट दिली नाही, तर तो थैली स्वतःच उचलून चालू लागेल. एकाच स्वभावाचे दोन हिशेब: एकीकडे सूट दिली तर माणूस अधिक मोडेल म्हणून नकार, दुसरीकडे सूट दिली नाही तर माणूस अधिक मोडेल म्हणून होकार. दोन्हीकडे नियम करणाऱ्याला माणसाचा लोभ माहीत आहे. तो लोभाला शिव्या देत नाही आणि त्याच्या हाती कारभारही देत नाही. दार किती उघडले तर माणूस त्यातून सावकाश जाईल, एवढेच तो मोजतो.

परधर्मीय शेजाऱ्याच्या बाबतीतही हीच मोजणी आहे. आग विझवायला तो आपण होऊन आला, तर त्याला ‘विझव’ म्हणू नये आणि ‘विझवू नको’ असेही म्हणू नये. आगीच्या वेळी ‘जो विझवेल त्याचे नुकसान होणार नाही’ एवढे मोघम बोलायला मुभा आहे. तालमुदात शिहीन गावच्या योसेफ बेन सिमाईची हकीकत येते. हा राजाचा कारभारी. त्याच्या अंगणात आग लागली तेव्हा सिप्पोरीच्या शिबंदीचे लोक विझवायला धावत आले. शब्बाथचा मान म्हणून त्याने त्यांना विझवू दिले नाही. मग पाऊस आला आणि आग विझली. शब्बाथ सुटल्यावर त्याने प्रत्येक शिपायाला दोन सेला नाणी आणि त्यांच्या सरदाराला पन्नास पाठवले. पंडितांचे त्यावर मत असे, की त्याने एवढे करण्याची गरज नव्हती. आलेल्यांना अडवायचे नव्हते. भक्तीचा अतिरेक त्यांनी वाखाणला नाही. नियमाने जी वाट ठेवली आहे ती वापरण्यात कमीपणा नाही.

नुकसान स्वतःचे नसून इतरांचे असेल तर? रस्त्यात धातूचा तापलेला तुकडा पडला असेल, तर लोकांना इजा होऊ नये म्हणून तो विझवावा, असे श्मुएल या पंडिताचे मत आहे. लाकडाचा निखारा मात्र विझवू नये. कारण धातू विझवण्याची मनाई पंडितांची, लाकूड विझवण्याची मुळातली. लोकांचे नुकसान हलकी मनाई हटवते. जड मनाई हटवायला जीवच धोक्यात असावा लागतो. आजच्या इमारतीत वरच्या मजल्याचे पाणी खालच्या घराच्या छतातून ठिबकते, तेव्हा हा विचार उपयोगी पडतो. स्वतःचे सामान भिजणे आणि शेजाऱ्याचे घर भिजणे एका मापाने मोजले जात नाही.

सगळे ज्यू हे नियम याच रीतीने पाळत नाहीत. सुधारक पंथ ते बंधनकारक मानत नाही, आणि अमेरिकेतल्या कन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या विधिसमितीने 1950 साली शब्बाथला विजेचा वापर मान्य केला. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर बेने इस्राएल समाजाची ओळखच या प्रश्नाशी बांधलेली आहे. कोकणात अलिबागच्या परिसरात हे लोक तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. तेल गाळणे हे 39 कामांतल्या मळणीचे पोटकाम ठरते, म्हणजे घाणा बंद ठेवणे नेमके त्या नियमाला धरून होते. बाहेरच्या ज्यू जगाशी संबंध जवळजवळ तुटलेला असताना आठवड्याचा एक दिवस धंद्याला खीळ घालून त्यांनी तो पाळला. 1796 साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग उभारले. 1948 नंतर यातले बहुतेक जण इस्राएलला गेले. अश्दोद, लोद, दिमोना या गावांतल्या त्यांच्या घरांतही शनिवारी पाइप फुटतोच.

शेवटी हा सगळा विचार शुक्रवारच्या दुपारी येऊन ठेपतो. शब्बाथला जे करता येत नाही, ते आधी करून ठेवण्यावर या धर्मात भर आहे. अन्न शिजवून गरम ठेवलेले असते, दिवे टायमरवर लावलेले असतात. पाण्याच्या पंपाचा टायमर तसाच आधी लावता येतो. गळती जाणवताच आपोआप व्हॉल्व्ह मिटणारे यंत्र शुक्रवारीच चालू करून ठेवले, तर शनिवारी ते माणसाच्या हाताशिवाय काम करते. आणि यंत्र नसेल, तर मेन कॉक घरात कुठे आहे, तो हाताने फिरतो की पाना लागतो, पाना कोणत्या खणात आहे, एवढे शुक्रवारी माहीत असले तरी पुरते. तेवढ्याने शनिवारी पाणी थांबते. पाइप दुरुस्त करायला रात्री तीन तारे दिसेपर्यंत वाट बघावी लागते.